दंतचिकित्सेत आरसा निर्मळ राखण्याचा प्रश्न

दंतवैद्याच्या हातातील लहान गोल आरसा हे त्याच्या साहित्यातील सर्वांत साधे आणि म्हणूनच बहुधा सर्वांत दुर्लक्षित उपकरण होय. सुमारे २२ मिलिमीटर व्यासाची काच आणि तिला जोडलेली पोलादी दांडी, एवढाच त्याचा संसार. परंतु या आरशाकडून एकाच वेळी तीन कामे घेतली जातात. जे थेट दिसत नाही ते तो दाखवतो, दिव्याचा प्रकाश तोंडातील अंधाऱ्या कोपऱ्यात पोचवतो, आणि गाल किंवा जीभ बाजूला धरून ठेवतो. खालच्या पुढच्या दातांची ओठाकडील बाजू आरशावाचून सहज पाहता येते. वरच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू मात्र आरशाखेरीज पाहता येत नाही. पाहण्याचा आग्रह धरलाच तर चिकित्सकाला आपली मान आणि पाठ अशा रीतीने वाकवावी लागते की, ती स्थिती फार काळ टिकवणे हितावह नसते.

आरसा धूसर झाला म्हणजे काम करणाऱ्यासमोर तीन वाटा उरतात, आणि तिन्ही वाईट आहेत. पहिली वाट मान वाकवून थेट पाहण्याची. प्रौढ माणसाचे मस्तक साडेचार ते पाच किलोग्रॅम भरते, आणि ते पुढे व बाजूला झुकवून दिवसातून कित्येक तास धरून ठेवणे म्हणजे मानेच्या मणक्यांवर कायमचे कर्ज काढणे होय. दुसरी वाट कोरणाऱ्या यंत्राचे पाणी कमी करण्याची किंवा बंद करण्याची. तिचा दंड रोग्याच्या दाताला होतो, आणि तो पुढे सविस्तर पाहावयाचा आहे. तिसरी वाट अंदाजाने काम पुढे रेटण्याची. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

विश्रांतवाडीसारख्या पुण्याच्या उपनगरात हा प्रश्न थोडा अधिक अवघड होतो. आळंदी रस्त्याच्या आसपासच्या लहान दवाखान्यांसारख्या ठिकाणी बहुधा एक दंतवैद्य आणि एक मदतनीस एवढाच परिवार असतो. मदतनीसाला फोन घ्यावा लागतो, पुढच्या रोग्याची नोंद करावी लागते, हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये चढवावी लागतात. एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात यंत्र धरलेल्या दंतवैद्याला हवेची पिचकारी मारण्यासाठी जो तिसरा हात लागतो, तो अशा वेळी जवळ नसतो. पाठ्यपुस्तकातील उपाय दोन माणसांच्या चार हातांची कल्पना धरून सांगितलेले असतात. दोनच हात उपलब्ध असताना त्यांतील कोणते उपाय लागू पडतात, हे ठरवावयाचे तर आरसा धूसर का होतो याचा भौतिकशास्त्राच्या अंगाने विचार करणे अवश्य आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आरशावर पाणी जमले म्हणून तो दिसेनासा होतो, असे सामान्यतः समजले जाते. वास्तविक पाण्याचा एकसंध पातळ थर पारदर्शक असतो. त्यातून प्रतिमा जवळजवळ जशीच्या तशी दिसते. दृष्टी अडते ती पाण्यामुळे नव्हे, तर पाण्याच्या थेंबांमुळे. प्रत्येक सूक्ष्म थेंब हे स्वतंत्र भिंग असते. त्यातून जाणाऱ्या किरणांचे वक्रीभवन निरनिराळ्या दिशांना होते, आणि असे असंख्य थेंब शेजारीशेजारी बसले म्हणजे प्रकाश विखुरला जाऊन पांढुरका पडदा तयार होतो. १९११ मध्ये लॉर्ड रॅले आणि जॉन एटकिन या दोघा शास्त्रज्ञांनी काचेवर फुंकलेल्या श्वासाच्या आकृतींविषयी लिहिले होते. काचेवरून ज्योत फिरवून तिचा पृष्ठभाग निर्मळ केला आणि मग त्यावर श्वास सोडला, तर ज्योतीच्या मार्गावर धुके न दिसता पाण्याचा पारदर्शक पापुद्रा बसतो. बाकीच्या काचेवर मात्र नेहमीचे पांढरे धुके उमटते. दोन्ही ठिकाणी बाष्प तेच आणि काचही तीच. फरक आहे तो पृष्ठभागावर पाणी पसरते की गोळा होते एवढाच. दंतवैद्याच्या आरशाचे बहुतेक सर्व उपाय या एका निरीक्षणात सामावलेले आहेत : पाणी जमूच देऊ नये, जमलेच तर ते पसरू द्यावे, आणि पसरत नसेल तर ते फेकून द्यावे.

आता श्वासाचा हिशेब पाहू जाता, तोंडावाटे बाहेर पडणारी हवा सुमारे ३४ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. अर्थात तिचा दवबिंदूही त्याच्या जवळपासच असतो. ज्या पृष्ठभागाचे तापमान याहून कमी, त्यावर श्वासातील बाष्पाचे संघनन होणार हे निश्चित. शांत स्थितीत माणूस एका वेळी सुमारे अर्धा लिटर हवा सोडतो. ३४ अंशांवर अर्धा लिटर संपृक्त हवेत सुमारे १९ मिलिग्रॅम पाणी बाष्परूपाने असते. ती हवा २२ अंशांपर्यंत थंड झाली तर त्यातील जवळजवळ ९ मिलिग्रॅम पाणी बाहेर पडावे लागते. आरशाचे क्षेत्रफळ असते ३.८ चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीइतके पाणी बसण्यास केवळ ०.३८ मिलिग्रॅम पाणी पुरते. सारांश, एका उच्छ्वासातील सुटणाऱ्या पाण्याचा चोविसावा हिस्सा जरी आरशावर बसला, तरी तो आंधळा होतो.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धुके धरते ते खोलीतील दमटपणामुळे, अशी समजूत पुष्कळांची असते, आणि पावसाळ्यात आरसा अधिक त्रास देईल असे त्यावरून अनुमान केले जाते. पुण्याच्या हवेत दव आणि आर्द्रता यांचा अभ्यास नवा नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, आणि विश्रांतवाडीपासून जवळच असलेल्या लोहगावच्या तापमानाचे आकडे वृत्तपत्रांतून नित्य वाचावयास मिळतात. परंतु पावसाळ्यातही पुण्याच्या हवेचा दवबिंदू श्वासाच्या दवबिंदूपेक्षा पुष्कळच खाली असतो. आरशाचा खरा शत्रू बाहेरची हवा नसून रोग्याचा श्वास आहे, आणि त्याचे बळ आरसा किती थंड आहे यावर अवलंबून असते. म्हणून दमट पण उबदार जुलैपेक्षा कोरड्या पण गार जानेवारीतील सकाळची पहिली बैठक अधिक कठीण जाते. एप्रिलमध्ये, बाहेर ऊन तापलेले असताना, वातानुकूलित खोलीत ट्रेमध्ये पडून राहिलेला आरसाही तितकाच फसवा ठरतो.

पाणी जमूच न देण्याचा उपाय म्हणजे आरसा दवबिंदूच्या वर तापवणे. हा उपाय दंतवैद्यांपेक्षा कंठरोगतज्ज्ञांनी अधिक निष्ठेने सांभाळला, आणि त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश संगीतशिक्षक १८५४ मध्ये गाणाऱ्याचे स्वरतंतू प्रत्यक्ष कसे हलतात हे पाहण्याच्या ध्यासाने पॅरिसमधील शारिएर या उपकरणकाराकडे गेला. तेथे त्याला लांब दांडीचा एक लहान दंतआरसा मिळाला. तो त्याने गरम पाण्यात बुडवला, पुसला, स्वतःच्या घशात धरला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकून आपला कंठ पाहिला. आपली निरीक्षणे त्याने १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. दाताचा आरसा असा घशात उतरला, आणि गरम पाण्याची युक्तीही त्याच्याबरोबर गेली. पुढे कंठरोगतज्ज्ञ स्पिरिटच्या दिव्यावर आरसा धरीत आणि तो फार तापला नाही ना हे आपल्या हाताच्या पाठीवर टेकवून पाहत. दंतवैद्याने ज्योतीचा मार्ग न घेणेच बरे. ज्योतीने तापलेल्या आरशाचे तापमान अदमासाने ठरते, पाठीमागचा मुलामा बिघडतो, आणि हातमोजे घातलेल्या हाताने परीक्षा घेणे निरर्थक आहे.

चाळीस अंशांच्या थोडेसे वर असलेले पाणी निर्जंतुक वाटीत घेऊन आरशाचे डोके त्यात काही क्षण बुडवणे पुरेसे होते. ही वाटी आणि तिच्यातील पाणी प्रत्येक रोग्यास नवे असावे, हे वेगळे सांगण्याचे कारण नसावे; पण दिवसभर एकच वाटी ठेवण्याचा मोह सोपा आहे, म्हणून सांगितले. याहूनही सोपा उपाय रोग्याच्या तोंडातच आहे. आरशाची काच गालाच्या आतल्या ओल्या अस्तरावर हलकेच टेकवून फिरवली की, ते अस्तर शरीराच्या उष्णतेच्या जवळपास असल्याने आरसा थोड्याच वेळात तापतो. कोरड्या हवेतून मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा स्पर्शाने मिळणारी उष्णता कितीतरी वेगाने येते. एकदा तापलेला आरसा वारंवार बाहेर काढून ट्रेवर ठेवू नये. काम थांबले तरी तो तोंडातच गालाला लावून विसावू द्यावा. एकट्याने काम करणाऱ्यास ही सवय फार उपयोगी पडते, कारण तिला तिसरा हात लागत नाही.

येथे हवेच्या पिचकारीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आरशावर फुंकर मारली की तो क्षणभर लख्ख होतो आणि पिचकारी थांबताच पुन्हा, कधीकधी पूर्वीपेक्षा अधिक, धूसर होतो, हा अनुभव सर्वांचा आहे. विद्यार्थी याचे खापर यंत्रावर फोडतात. कारण मात्र सरळ आहे. ओल्या पृष्ठभागावरून कोरडी हवा वाहू लागली म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन होते, आणि बाष्पीभवनास लागणारी उष्णता आरशातूनच घेतली जाते. माठातील पाणी गार होते तोच हा न्याय. कॉम्प्रेसरमधून येणारी हवा प्रसरण पावल्यावर फार कोरडी असते, त्यामुळे हे थंड होणे अधिकच तीव्र होते. आरसा वाळतो खरा, पण थंडही होतो. आणि थंड आरशास पुढचा श्वास गाठतो. म्हणून हवेची धार अखंड चालू ठेवता येत असेल, म्हणजे मदतनीसाने ती आरशाच्या कडेवरून तिरपी धरली असेल, तरच ती उपयोगी. मग ती वाळवते कमी आणि श्वासाला आरशापासून दूर ठेवते अधिक. अधूनमधून मारलेली फुंकर हा उपाय नसून उसनवारी आहे.

दुसरा मार्ग पाणी पसरू देण्याचा. पाण्याचे पृष्ठताण कमी करणारा एखादा पदार्थ काचेवर असला म्हणजे थेंबाचा काचेशी होणारा स्पर्शकोन लहान होतो, थेंब चपटे होत जातात आणि शेवटी एकमेकांत मिसळून पापुद्रा बनतो. साबण हा असा पदार्थ आहे. मुखपट्टी घालणाऱ्या शल्यचिकित्सकांनी चष्मा साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळू द्यावा, म्हणजे धुके धरत नाही, अशी सूचना इंग्लंडमधील शल्यचिकित्सकांच्या एका नियतकालिकात २०११ मध्ये प्रसिद्ध झाली होती. २०२० च्या साथीत ती सामान्य लोकांच्याही परिचयाची झाली. तोंडात वापरावयाच्या आरशास अर्थातच कपडे धुण्याचा साबण चालत नाही. त्यासाठी चूळ भरण्याचे औषधी द्रावण किंवा याच कामासाठी मिळणारे द्रव वापरतात. लाळेतही श्लेष्मल प्रथिने असतात आणि ती काचेवर बसली की काच पाण्याला अनुकूल होते. पाणबुडे पाण्यात उतरण्यापूर्वी आपल्या चष्म्याच्या काचेवर थुंकी चोळतात, ती याच कारणाने. गालावर आरसा फिरवण्याच्या युक्तीत म्हणून दुहेरी गुण आहे : एकाच हालचालीत काच तापते आणि लाळेचा थरही चढतो. अनुभवी चिकित्सक हे न सांगता करतात, आणि नवशिके ते पाहूनही करीत नाहीत, कारण त्यांना ते अस्वच्छतेचे वाटते. रोग्याचीच लाळ त्याच रोग्याच्या तोंडात असल्याने येथे संसर्गाचा प्रश्न उद्भवत नाही.

येथवरचा विचार श्वासाच्या धुक्याचा झाला. परंतु आजच्या दंतचिकित्सेत आरसा जितका श्वासाने बिघडतो, त्याहून अधिक तो यंत्राच्या फवाऱ्याने बिघडतो. हा प्रश्न तुलनेने अलीकडचा आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बोर्डन यांनी हवेच्या झोताने फिरणारे अतिवेगवान यंत्र बाजारात आणले. मिनिटाला तीन लाखांच्या आसपास फेरे घेणारे. त्याचे व्यापारी नाव एअरोटर होते. ते आपल्याकडे इतके रुळले की, कोणत्याही कंपनीच्या यंत्रास दवाखान्यात एअरोटरच म्हणतात. या वेगाबरोबर घर्षणाची उष्णता आली, आणि तिच्यावर उतारा म्हणून मिनिटाला सुमारे पन्नास मिलिलिटर पाण्याचा फवारा. हे पाणी, त्याबरोबर उडणारा दाताचा चुरा आणि लाळ, यांचा मारा थेट आरशावर होतो.

हे पाणी बंद करण्याचा मोह का घातक आहे, हे १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगांवरून दिसते. दाताच्या आतील मगजाचे, म्हणजे पल्पचे, तापमान केवळ ५.५ अंश सेल्सिअसने वाढले असता त्यांच्या प्रयोगातील सुमारे १५ टक्के दातांचा मगज पुन्हा सावरला नाही. माकडाच्या दातावरील आकडा माणसाला तंतोतंत लावता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि साडेपाच अंशांची ही मर्यादा आजही सावधगिरीची खूण म्हणून मानली जाते. ज्या रोग्याची दाढ साध्या भरणीने वाचली असती, त्याला काही महिन्यांनी रूट कॅनालसाठी परत यावे लागले, तर त्याचे मूळ एखाद्या धूसर आरशात असू शकते. रोग्याला ते कधीच कळत नाही, आणि बहुधा चिकित्सकालाही नाही.

फवाऱ्यावर तापवण्याचा उपाय चालत नाही, कारण येथे पाणी बाष्परूपाने नव्हे, तयार थेंबांच्या रूपाने येते. येथे उपयोगी पडते ते अंतर. आरसा दाताला खेटून धरण्याची सवय तपासणीपुरती ठीक आहे. कोरताना मात्र तो जितका दूर धरता येईल तितका धरावा, म्हणजे त्यावर आदळणारे थेंब कमी होतात आणि दिव्याचा प्रकाशही अधिक पसरतो. मोठ्या तोंडाच्या सक्शनची नळी आरशाच्या शेजारी असली तर तिच्याकडे वाहणारा हवेचा ओघ फवारा आणि श्वास या दोहोंना एकदमच ओढून नेतो. एकाच मदतनीसाला पिचकारी द्यावी की सक्शन, असा प्रश्न पडला तर सक्शनच द्यावे, हे यावरून उघड आहे. मदतनीसच नसेल तर थोडे कोरावे, थांबावे, आरसा गालावरून फिरवावा, पाहावे आणि पुन्हा कोरावे, ही संथ लय पत्करावी लागते. तिच्यामुळे वेळ लागतो, परंतु मगजालाही तेवढीच उसंत मिळते.

पाणी फेकून देण्याचा तिसरा मार्ग यंत्रांनी अवलंबिला आहे. काही आरशांची काच लहानशा मोटारीने किंवा हवेने स्वतःभोवती फिरते. जहाजाच्या खिडकीत फिरत्या काचेची चकती बसवून समुद्राचे तुषार उडवून लावण्याची जी जुनी योजना आहे, तिचीच ही धाकटी बहीण. मिनिटाला १५,००० फेरे धरले तर ११ मिलिमीटर त्रिज्येच्या कडेवरील थेंबावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,७५० पट बल पडते, आणि दिसण्याजोगा कोणताही थेंब त्यापुढे टिकत नाही. काच अक्षाशी काटेकोर काटकोनात असेल तर ती फिरत असूनही प्रतिमा स्थिर राहते. या योजनेच्या मर्यादाही गणितातच दिसतात. थेंबाचे वजन त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, तर त्याला काचेशी चिकटवून ठेवणारे बल साधारणतः व्यासाच्या प्रमाणात असते. त्यामुळे श्वासाचे काही मायक्रॉन आकाराचे थेंब केवळ फिरण्याने सुटत नाहीत. अगदी मध्यभागी तर केंद्रोत्सारी बल शून्यच असते. फवाऱ्यासाठी उत्तम असलेले साधन धुक्यासाठी अपुरे पडते, आणि हा भेद लक्षात न घेता महागडा आरसा विकत घेणाऱ्याची निराशा होते.

रबर डॅमचा उल्लेख येथेच करणे उचित होईल. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवण्याची ही रीत काढली, ती दात कोरडा राखण्यासाठी. पण पडद्यामुळे तोंडावाटे येणारा श्वासही आरशापासून वेगळा पडतो, रोगी नाकाने श्वास घेऊ लागतो, आणि धुक्याचे मूळच तुटते. पडद्याआड गाल मात्र हाती लागत नाही. तेव्हा आरसा आधीच तापवून घ्यावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मूलनलिका शोधताना तर याला पर्याय नाही, कारण तेथे सर्व दृश्य त्या एका काचेतूनच येते. सर्दीने नाक चोंदलेल्या रोग्याला, विशेषतः लहान मुलाला, पडदा सोसत नाही हे खरे. अशा वेळी निकडीचे नसलेले काम पुढच्या आठवड्यावर ढकलणे हेच शहाणपणाचे.

उरला खुद्द काचेचा प्रश्न. मुलामा काचेच्या पाठीमागे असलेल्या आरशात दोन प्रतिमा दिसतात. एक मागच्या मुलाम्यावरून येणारी ठळक आणि दुसरी काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून येणारी अंधुक. तपासणीला त्याने बिघडत नाही, पण किडीची कड नेमकी कोठे संपते हे ठरवताना ही सावली नडते. पृष्ठभागावरच मुलामा असलेल्या आरशात ती नसते. त्यावरील ऱ्होडियम टणक असते, परंतु पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे तीन चतुर्थांशच परत देते. अलीकडचे बहुस्तरीय मुलामे याहून पुष्कळ उजळ असतात. मात्र हा मुलामा उघडा असल्याने कोरड्या गॉझने घासून पुसला की त्यावर ओरखडे उठतात, आणि ओरखड्यांत चुरा व थेंब अडकून बसतात. आरसा ओल्या, मऊ कापडाने, न दाबता पुसावा.

विश्रांतवाडीच्या परिसरात आणखी एक स्थानिक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नळाचे पाणी धरणाचे आणि बरेचसे मृदू असते. परंतु दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदलेल्या बोअरवेलचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे बहुधा जड असते. ज्या इमारतीत दोन्ही पाणी एकाच टाकीत पडते, तेथे धुऊन वाळवलेल्या आरशावर पांढरे ठिपके राहतात आणि ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत ते काचेवर पक्के बसतात. या ठिपक्यांभोवती पाणी समान पसरत नाही, थेंबच धरतात, आणि मग साबणाचा किंवा लाळेचा थरही अर्धवट काम करतो. शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्याने केले तर हा दोष टळतो. ऑटोक्लेव्हसाठी ते पाणी दवाखान्यात आणलेलेच असते, आणि एका आरशाला त्यातील चमचाभर पुरते.